घाटमाथ्यावरील मर्लो : एका परदेशी द्राक्षवाणाची महाराष्ट्रातील वाटचाल

आसनगाव स्थानक सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास डाव्या हातास माहुलीचे सुळके दिसू लागतात. पुढे थळ घाट लागतो. १८६५ साली लोहमार्ग या घाटातून वर गेला आणि कोकणपट्टी व दख्खनचे पठार एकमेकांस जोडले गेले. आसनगावापासून इगतपुरी लोहमार्गाने सुमारे ५० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात निसर्ग मात्र पूर्णपणे पालटतो. खाली भाताची खाचरे, मोह, जांभूळ आणि करवंदीच्या जाळ्या; वर घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे जावे तो द्राक्षाच्या बागा. या बागांपैकी काहींत तारांवर उभ्या बांधलेल्या, लहान व गर्द निळ्या मण्यांच्या वेली दिसतात. ही द्राक्षे बाजारात खाण्यासाठी येत नाहीत. त्यांपैकी एका वाणाचे नाव आहे ‘मर्लो’.

नाशिक परिसरातील मर्लोची वाइन पंचवीस वर्षांपूर्वी नव्हती. आज ती अनेक कारखान्यांत तयार होते आणि आरंभीच्या वर्षांतील मर्लो व आजची मर्लो यांत पुष्कळ अंतर पडले आहे. हा बदल कसा घडला, त्यात शेतकऱ्याचा वाटा कोणता आणि घाटाखालील गावांनी त्यातून काय घ्यावे, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे. मद्यसेवनाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यास दिलेली दिशा सर्वांस ठाऊक आहे. येथे विचार करावयाचा आहे तो एका पिकाचा आणि त्यावरील प्रक्रियेचा.

बोर्दोचा वाण

मर्लो हा मूळचा फ्रान्समधील बोर्दो प्रांताचा वाण होय. बोर्दो हे नाव आपल्या द्राक्षबागाईतदारांना नवे नाही. मोरचूद व चुना यांचे ‘बोर्डो मिश्रण’ केवडा रोगावर फवारले जाते, ते याच प्रांतातून आले. पांथस्थांनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडू नयेत म्हणून तेथील शेतकरी वेलींवर हे निळसर मिश्रण लावीत. त्या वेलींवर केवडा पडत नाही, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जगापुढे मांडला. म्हणजे मर्लो महाराष्ट्रात येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या गावचे औषध येथे पोहोचले होते.

मर्लोचा लिखित उल्लेख १७८४ पासून सापडतो. ‘मर्ल’ म्हणजे कस्तूर जातीचा काळा पक्षी. मण्यांच्या रंगावरून वा ती द्राक्षे खाणाऱ्या या पक्ष्यावरून हे नाव पडले असे मानतात. काबर्ने फ्रां आणि मादलेन न्वार दे शारांत या दोन वाणांच्या संकरातून तो निपजला, हे अलीकडे जनुकीय परीक्षणाने सिद्ध झाले आहे. काबर्ने सोव्हिन्यों या प्रसिद्ध वाणाचा तो सावत्र भाऊ ठरतो. परंतु भावंडांचे स्वभाव वेगळे आहेत. काबर्नेची साल जाड, पीक उशिरा येणारे आणि वाइन तुरट असते. मर्लोची साल पातळ, मणी थोडे मोठे, पीक आधी तयार होणारे आणि वाइन मऊ असते. ओलावा धरून ठेवणाऱ्या चिकणमातीत तो चांगला येतो. मात्र फुलोऱ्याच्या वेळी हवा बिघडली तर त्याची फुलगळ होते, केवडा त्याला लवकर गाठतो आणि पिकण्याच्या वेळी पाऊस आला तर घड कुजतो. हे गुणदोष लक्षात ठेवले म्हणजे पुढील हकिगत समजण्यास सोपी जाते.

महाराष्ट्रात आगमन

महाराष्ट्रातील आधुनिक वाइन उद्योगाची सुरुवात १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाली. उद्योजक शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने तेथे फसफसणारी वाइन तयार केली आणि ती परदेशी पाठविली. नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षांची ख्याती तेव्हा देशभर झाली होती. तथापि वाइनसाठी लागणारे वाण तेथे नव्हते.

१९९७ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळील कौटुंबिक जमिनीवर सोव्हिन्यों ब्लां व शेनां ब्लां या पांढऱ्या वाणांची लागवड केली. कॅलिफोर्नियातील तज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. आईच्या सुलभा या नावावरून ‘सुला’ हे नाव घेऊन २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. त्याच १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची स्थापना झाली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कात सूट आणि परवाना पद्धतीत सुलभता देण्यात आली. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे द्राक्ष वाइन उद्यानांची योजना आखण्यात आली. शुल्कातील सूट पुढे २०२१ पर्यंत चालू राहिली.

पांढऱ्या वाणांपाठोपाठ शिराझ, काबर्ने, झिनफँडेल आणि मर्लो हे तांबडे वाण आले. आज निफाड तालुक्यातील कुंदेवाडीचे रेव्हेलो, इगतपुरी तालुक्यातील कावनईचे व्हॅलोने, सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचे फ्रातेल्ली आदी उत्पादकांची मर्लो वाइन प्रसिद्ध आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

घाटाच्या अलीकडे का नाही?

आसनगाव, शहापूर वा मुरबाड येथील शेतकऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येईल, की पन्नास-साठ किलोमीटरवर जे पीक येते ते आपल्याकडे का येऊ नये? याचे उत्तर सह्याद्रीच्या रचनेत आहे. समुद्रावरून येणारे ढग कड्यास अडतात आणि पश्चिमेच्या बाजूस रिते होतात. शहापूर तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे नाशिक शहरी तो सातशे मिलिमीटरांच्या आसपास येतो आणि निफाडकडे आणखी घटतो. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या जवळपास असल्याने हिवाळ्यातील रात्री तेथे चांगल्याच थंड होतात. दिवसा ऊन व रात्री गारवा या हवामानात मण्यात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. कोकणपट्टीत हवेतील दमटपणा रात्रीही उतरत नाही. केवडा व भुरी या रोगांस तो पोषक ठरतो. पातळ सालीच्या मर्लोस तर ही हवा मुळीच मानवणार नाही. यास्तव घाटाखाली मर्लोची लागवड करण्याचा विचार कोणी सुचविल्यास तो स्वीकारण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

बागेतील बदल

एकाच कारखान्याची, एकाच नावाची वाइन वर्षांगणिक बदलते, ती मुख्यतः बागेत झालेल्या बदलांमुळे. पहिली गोष्ट वेलीच्या वर्षचक्राची. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबरच्या सुमारास पीक निघते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करावयाची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून घड घ्यावयाचा, असा दुहेरी क्रम ठेवावा लागतो. फळ जानेवारी ते मार्च या काळात निघते. बोर्दोत उन्हाळ्याकडून थंडीकडे जाताना द्राक्ष पिकते. नाशिकला थंडीकडून उन्हाळ्याकडे जाताना. हा फरक मर्लोच्या बाबतीत निर्णायक ठरतो.

छाटणी उशिरा झाली तर मण्यात पाणी उतरल्यानंतरचे अखेरचे दिवस वाढत्या उन्हात सापडतात. साखर झपाट्याने चढते, आंबटपणा जळून जातो, रसाचा सामू वाढतो; परंतु साल आणि बी मात्र कच्चीच राहतात. अशा द्राक्षाची वाइन मद्यार्काने जड, चवीला फिकी आणि तरीही हिरवट लागते. छाटणी फार लवकर झाली तर परतीचा पाऊस फुलोऱ्यावर येतो आणि फुलगळ होते. या दोन संकटांमधील योग्य आठवडा कोणता, हे पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते प्रत्येक शिवारात, प्रत्येक वर्षाच्या नोंदी ठेवून शोधावे लागले.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. खाण्याच्या द्राक्षात एकरी आठ-दहा टन माल काढणे हे कौशल्य मानले जाते. मोठा मणी, पातळ साल आणि भरघोस घड ही तेथील प्रतवारी. वाइनच्या द्राक्षात नेमके याच्या उलट हवे असते. रंग, सुगंध आणि तुरटपणा देणारे टॅनिन ही सारी सालीत असतात. म्हणून मणी लहान आणि घड मोजके हवेत. चांगल्या तांबड्या वाइनसाठी एकरी तीन-चार टनांवर थांबावे लागते. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर वजनावर पैसे घेतले, त्यास निम्मे घड कापून जमिनीवर टाकण्यास सांगणे सोपे नव्हते. आरंभीच्या वर्षांत बागा कोवळ्या होत्या आणि सवयी खाण्याच्या द्राक्षाच्या होत्या. त्या वाइनला रंग व अंग कमी पडे ते त्यामुळे.

तिसरी गोष्ट खुंटाची. १९९० नंतरच्या दशकात पाणीटंचाई व क्षारयुक्त जमिनीवर उपाय म्हणून डॉगरिज या खुंटावर कलमे करण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली. हा खुंट जोमदार आहे. वाइनच्या वाणास मात्र फार जोम नको. पानांची गर्दी झाली की घडावर सावली पडते व साल नीट पिकत नाही. म्हणून ११०-आर यांसारख्या माफक जोमाच्या खुंटांकडे बागाईतदार वळले. ठिबक सिंचनाने पाणी मोजून देणे, सकाळच्या उन्हाच्या बाजूची पाने विरळ करणे आणि दुपारच्या बाजूची राखणे, ही कामेही हळूहळू अंगवळणी पडली.

रोपाच्या जातीची खात्री हाही एक धडा आहे. चिली या देशात मर्लो म्हणून लावलेल्या अनेक बागा प्रत्यक्षात कार्मेनेर या निराळ्या वाणाच्या होत्या, हे १९९४ मध्ये उघडकीस आले. तोवर शेतकरी एका वाणाच्या वेळापत्रकाने दुसऱ्या वाणाची तोडणी करीत होते. प्रमाणित रोपाचे महत्त्व यावरून समजावे.

टाकीतील बदल

कारखान्यातील क्रिया तत्त्वतः सोपी आहे. यीस्ट हा सूक्ष्मजीव द्राक्षातील साखर खातो आणि मद्यार्क व कर्बद्विप्राणील वायू तयार करतो. दर लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क मिळतो. २४ ब्रिक्स साखरेचे द्राक्ष आले तर वाइनमध्ये साडेतेरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क येतो. तांबड्या वाइनचा रस सालीसह आंबवितात, कारण रंग सालीत असतो.

खरी परीक्षा तपमानाची आहे. आंबविण्याच्या क्रियेत उष्णता निर्माण होते; तिच्यात फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाची भर पडते. तपमान ३० अंशांच्या फार पुढे गेले तर सुगंध उडून जातो आणि कधी यीस्ट मरून क्रिया अर्ध्यावर थांबते. म्हणून थंड पाणी खेळविलेल्या पोलादी टाक्या, रात्री वा पहाटे तोडणी, मालाची हातांनी निवड आणि साल किती दिवस रसात ठेवावी याचा वर्षावार निर्णय या गोष्टी आवश्यक ठरल्या. मर्लोची साल जास्त रगडली की कडवटपणा उतरतो. कमी ठेवली की रंग येत नाही.

त्यानंतर दुसरे किण्वन होते. त्यात काही जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि वाइन मऊ होते. काही माल २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवितात. एका पिंपातून सुमारे ३०० बाटल्या निघतात. नवे लाकूड वाइनला व्हॅनिलासारखा वास व लाकडाचा तुरटपणा देते. द्राक्ष अशक्त असेल तर हा वास सर्वांवर मात करतो. बाग सुधारली की लाकडाचा वापर आपोआप बेताचा होतो.

निव्वळ मर्लोपासून मिश्रणाकडे

सुलाच्या मर्लोचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘सातोरी’ या नावाने प्रथम मर्लोची वाइन निघाली. पुढे त्याच नावाखाली मर्लो व माल्बेक या दोन वाणांचे मिश्रण आले. अशा मिश्रणामागील विचार सर्वसाधारणपणे असा असतो : उष्ण हवामानात मर्लो मऊ व गोलसर होतो, परंतु त्याचा रंग व कणा कमी पडू शकतो, माल्बेक गर्द रंग व टॅनिन देतो. बोर्दोतही मर्लो बहुधा एकटा नसतो, काबर्नेच्या संगतीने येतो. भाताच्या दोन जातींचे तांदूळ एकत्र दळून चांगली भाकरी साधणाऱ्या आपल्या गृहिणीस हे तत्त्व निराळे सांगावयास नको. नाव तेच राहिले तरी आतील वस्तू अनुभवानुसार बदलत गेली, हे येथे लक्षात घ्यावयाचे.

बाटलीत भरल्यानंतरही बदल थांबत नाही. टॅनिनचे कण एकत्र येऊन खाली बसतात, जांभळा रंग विटेसारखा होतो आणि ताज्या फळाचा वास सुकामेव्याकडे झुकतो. मर्लो हा तुलनेने लवकर तयार होणारा वाण असल्याने साध्या मर्लोच्या बाबतीत दोन-चार वर्षे पुरेशी होतात. मात्र उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गुदामात ठेवलेली बाटली काही आठवड्यांतच बिघडते. शेतात पाच महिने केलेले कष्ट वाहतुकीत वा दुकानात वाया जाऊ शकतात, याकडे या उद्योगाचे लक्ष उशिरा गेले.

पडझडीची वर्षे

या वाटचालीत सर्वांत कठीण काळ आला तो २००८ नंतर. धोरण जाहीर झाल्यावर अल्पावधीत पुष्कळ कारखाने निघाले, अनेक शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षाऐवजी वाइनचे वाण लावले. जागतिक मंदी व नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेल व्यवसाय मंदावला, मागणी घटली आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. काही कारखान्यांनी माल उचलला नाही, काहींनी पैसे थकविले. वाइनचे द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. लहान, बियांचे मणी खाण्यासाठी कोण घेणार? अनेकांनी त्या वेली काढून टाकल्या वा त्यांवर खाण्याच्या वाणांची कलमे केली.

या प्रसंगाचा गुणवत्तेशी थेट संबंध आहे. वेल तिसऱ्या वर्षी फळ देऊ लागते, परंतु तिचे मूळ खोल जाऊन फळात सातत्य येण्यास आणखी काही वर्षे जावी लागतात. जी बाग पाचव्या वर्षी उपटली गेली, तिच्याबरोबर त्या शिवारातील पाच वर्षांच्या नोंदीही गेल्या. ज्या कारखान्यांनी शेतकऱ्याशी दीर्घ मुदतीचा लेखी करार केला, वजनाऐवजी साखर, सामू व मालाच्या आरोग्यावर दर ठरविला आणि पैसे वेळेवर दिले, त्यांच्याकडे वेली टिकल्या व वाइन सुधारली. कमी माल काढण्याचा सल्ला शेतकरी तेव्हाच मानतो, जेव्हा कमी मालाचे पूर्ण मोल मिळण्याची त्याला खात्री असते.

हवामानाची अनिश्चितता ही त्यात नवी भर आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेला पाऊस आणि नोव्हेंबर २०२३ मधील निफाड परिसरातील गारपीट यांनी एका दिवसात वर्षाचे कष्ट नष्ट होऊ शकतात हे दाखवून दिले.

शासन व समाज

वाइनवरील विक्रीकराचा मोठा भाग उत्पादकास परत करणारी प्रोत्साहन योजना शासनाने राबविली. ती पुढे चालू ठेवण्याचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये झाला. मांजरी येथेच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन तंत्रज्ञानाचे शिक्षणही दिले जाते. दुसऱ्या बाजूस, मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास अनुमती देण्याचा जानेवारी २०२२ चा निर्णय समाजातून झालेल्या विरोधामुळे अमलात आला नाही. शेतकऱ्यास प्रक्रियेचा लाभ मिळावा आणि गावात व्यसन वाढू नये, या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांना मतदानाचा अधिकार नियमांनी दिला आहे. पंचायत सदस्यांनी उद्योगास साहाय्य करताना या अधिकाराचेही रक्षण करावयाचे आहे.

आसनगाव परिसरासाठी बोध

घाटाखाली मर्लो पिकणार नाही, हे वर सांगितलेच आहे. परंतु त्याच्या वाटचालीतून घेण्यासारखे बरेच आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांत जांभूळ, करवंद, आंबा व मोह विपुल आहेत. शेजारच्या बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन लाभले आहे. पालघर जिल्ह्यात बोर्डी येथे चिकूपासून वाइन तयार करण्याचा उद्योग उभा राहिला आहे. जांभळाचा रस, सरबत, सिरका वा सुकविलेली पूड असे मद्यविरहित पदार्थही महिला बचत गटांना करता येण्याजोगे आहेत.

अशा प्रत्येक उद्योगात मर्लोने शिकविलेले तीन नियम लागू पडतात. एक, कोणत्या झाडाचे फळ कोणत्या दिवशी उतरविले आणि माल कसा निघाला याची दरवर्षी नोंद ठेवावी. शाळेतील शिक्षक व विद्यार्थी हे काम उत्तम प्रकारे करू शकतील. दोन, फळ वेचणारास वजनाबरोबर प्रतीचाही दर मिळावा. तीन, खरेदीचा करार तोंडी असू नये. तो ग्रामसभेपुढे वाचला जावा आणि पैसे देण्याची मुदत त्यात लिहिलेली असावी.

आसनगावहून वर जाणारी गाडी तासाभरात घाट चढते. मर्लोस बोर्दोतील वेळापत्रक सोडून दख्खनचे वेळापत्रक शिकण्यास मात्र दोन दशके लागली आणि ते शिक्षण अद्यापि पूर्ण झालेले नाही. दर हंगामात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बागाईतदार कात्री हाती घेतो, तेव्हा मागील वर्षांच्या नोंदी आणि कारखान्याने दिलेला शब्द एवढ्याच आधारावर तो पुढील वर्षाचा निर्णय करीत असतो. हे दोन्ही आधार पक्के करणे, हेच या उद्योगाशी संबंधित सर्वांचे कर्तव्य होय.